घर गेल्यावर उरलेली जमीन

ग्लेनिसने धातू शोधणाऱ्या यंत्राची तबकडी जमिनीपासून बोटभर उंच धरून डावीकडून उजवीकडे फिरवली आणि तशीच फिरवत ती स्वयंपाकघरातून सरळ बैठकीच्या खोलीत शिरणार, एवढ्यात मागून हाक आली.

“अगं ए, भिंतीतून कुठं निघालीस?”

ती थांबली. कानावरचा एक हेडफोन तिने मागे सरकवला. समोर भिंत नव्हती. भिंतच काय, घरच नव्हतं. धुळीत रांगेने उभे लाकडी खुंट होते, विटांच्या चुलीचा पाया होता आणि पुढच्या अंगाला कुठेच न जाणाऱ्या तीन पायऱ्या होत्या.

“दार तिकडं आहे. चुलीच्या डाव्या हाताला,” मर्व्हिन रंडल खुर्चीवरून म्हणाला.

ग्लेनिसला आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण पंचाहत्तर वर्षांचा तो माणूस हात लांब करून नसलेलं दार दाखवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती मुकाट्याने चुलीला वळसा घालून, दारातून, बैठकीच्या खोलीत गेली. बरं वाटलं तिला, का कोण जाणे.

घर गेल्या मंगळवारी गेलं होतं. मर्व्हिनचं शेत शेजाऱ्याने घेतलं, आणि घर समुद्राकाठच्या एका जोडप्याने. त्यांनी माणसं पाठवून खुंटांवर उभं असलेलं ते फळ्यांचं घर मधोमध कापलं, दोन लांबलचक गाड्यांवर चढवलं आणि बेंडिगो शहराच्या रस्त्याने नेलं. एका खिडकीत पडदा तसाच होता, तो जाताना हलत होता, असं मरूल गावातले लोक सांगत होते. एकशे तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या जमिनीने मोकळं आभाळ पाहिलं. तिच्यावर कधी पाऊस पडलेला नव्हता, गवताची काडी उगवलेली नव्हती. धूळ तर अशी की चाळलेलं पीठच. पाऊल टाकलं की आवाज न होता आत जायचं.

ज्याला जुनी नाणी हुडकायचा नाद आहे, त्याला अशी जमीन म्हणजे पर्वणीच. फळ्या वाळतात, त्यांच्यात फटी पडतात आणि फटींतून घर वर्षानुवर्षं खाली झिरपत राहतं. टाचणी, बटण, केसांचा आकडा, लहान मुलाच्या मुठीतून सुटलेलं तीन पेन्सचं चांदीचं नाणं. वरचे लोक म्हणतात, हरवलं. ते कुठेही गेलेलं नसतं. हातभर खाली निवांत पडलेलं असतं.

ग्लेनिस हॉकिंगने बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. गुडघे कुरकुरायला लागल्यावर बस सोडली आणि हे यंत्र घेतलं. पंचक्रोशीत तिला कुणीही आपल्या जुन्या घराभोवती फिरू द्यायचं, कारण बाई नियमाची पक्की. खणलेला खड्डा बुजवायचा, उघडलेलं फाटक लावायचं आणि जे सापडेल ते, गंजका खिळा का असेना, आधी मालकाच्या तळहातावर ठेवायचं.

सकाळी सातला ती आली, तेव्हा मर्व्हिन आधीच लोखंडी पायांची खुर्ची आणि थर्मास घेऊन हजर होता.

“लांब बसा हं,” ती म्हणाली होती. “ही खुर्ची जवळ असली की यंत्र दिवसभर तुमचंच नाव घेत बसेल.”

त्यावर तो खुर्ची उचलून मागच्या कोपऱ्यात गेला. तिथे पूर्वी व्हरांडा होता. पत्रे आणि जाळी लावून तो बंद केला होता आणि लहानपणी मर्व्हिन तिथे झोपायचा. खुर्ची मांडली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि जो बसला तो बसला.

आता दहा वाजायला आले होते. शरद ऋतूतलं ऊन मवाळ पडलं होतं. दूर निलगिरीच्या झाडांवर मॅगपाय पक्षी गळ्यातल्या गळ्यात गात होते. ग्लेनिस खोल्यांतून हिंडत होती. हळूहळू तिला भिंती दिसायला लागल्या होत्या. म्हणजे दिसत नव्हत्या, पण कळत होत्या. खोली बदलली की कानातले आवाजच बदलायचे. स्वयंपाकघराखाली नुसती खिळ्यांची गुरगुर. बैठकीच्या खोलीखाली बराच वेळ काही नाही, मग एकदम चांदीचा उंच, लख्ख सूर. ती गुडघ्यांवर बसे, धूळ बाजूला करी, आणि काळं पडलेलं बोटाच्या पेराएवढं नाणं घेऊन व्हरांड्याकडे जाई. दारांतून.

“तीन पेन्स,” मर्व्हिन म्हणाला. “कुठं?”

“बैठकीच्या खोलीत. खिडकीपाशी.”

“पियानो होता तिथं. पाद्री यायचे रविवारी. आई आम्हाला दानपेटीत टाकायला पैसे द्यायची.” त्याने नाणं उजेडात धरलं. “देवाचे पैसे गं हे. देवाला पोचलेच नाहीत.”

नाणं त्याने आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणात ठेवलं. झाकण त्याच्या मांडीवर होतं आणि त्यात आतापर्यंत चार बटणं, शिवताना बोटात घालायचं एक अंगुस्तान, शिशाचा एक सैनिक आणि बूट घालायचा आकडा जमला होता. प्रत्येक वस्तू तो ओळखत होता. सैनिकाचं डोकं कुणी मोडलं तेही त्याला आठवत होतं. पण ग्लेनिसला जाणवलं की तो बोलत होता या वस्तूंबद्दल, आणि वाट पाहत होता दुसऱ्याच कशाची तरी.

“मर्व्ह, नक्की काय शोधायचंय ते सांगून टाका ना,” ती म्हणाली. “म्हणजे मी कान तसा लावीन.”

त्याने थर्मासचं झाकण फिरवलं. चहा ओतला. फुंकर घातली.

“सोन्याचं नाणं,” तो म्हणाला. “सॉव्हरिन. आजोबांचं. आईच्या आरशापुढं काचेच्या बशीत असायचं. माझी बहीण कॉरली घर सोडून गेली ना, त्याच आठवड्यात ते गेलं.”

“घर सोडून?”

“मेंढ्या कातरायला एकजण आला होता, फ्रँक म्हणून. त्याच्याबरोबर. एकोणीस वर्षांची होती. मी नऊ. तो कॅथलिक आणि आम्ही पक्के मेथडिस्ट, पंथच वेगळे, म्हणजे बघ. बाबा म्हणाले, जाताना सोनं तीच घेऊन गेली. त्यानंतर या घरात तिचं नाव निघालं नाही.”

“आणि तिनं नेलं नसेल तर?”

“तर मग ते इथं असेल,” मर्व्हिन म्हणाला. “आईच्या खोलीत. पडलं असेल फटीतून.”

ग्लेनिसने हेडफोन गळ्यात ओढले. बटणं गोळा करायचा आजचा दिवस एकदम निराळाच झाला होता.

“बहीण आहे अजून?”

“आहे की. पंच्याऐंशीची आहे. फ्रँक जाऊन पंधरा वर्षं झाली. घर विकल्याचं कुणाकडून तरी कळलं तिला. निरोप आला, जागा एकदा बघायचीय म्हणून. आज येतेय, चार वाजता.”

“सहासष्ट वर्षांनी?”

“आईच्या मातीला आली होती. मागच्या बाकावर बसली आणि न बोलता गेली. मीही गेलो नाही बोलायला.”

“पण तिला ठाऊक आहे ना, तिच्यावर चोरीचा आळ होता ते?”

मर्व्हिनने कपातला उरलेला चहा धुळीत ओतला.

“असणारच,” तो म्हणाला.

त्यानंतर ग्लेनिसने आईच्या खोलीत दोऱ्या बांधल्या. खुंटाला खुंट जोडून खोलीचे हातभर रुंदीचे पट्टे पाडले आणि एकेक पट्टा सावकाश तपासायला सुरुवात केली. तिला ते नाणं सापडायलाच हवं होतं. असं यापूर्वी तिला कधी वाटलं नव्हतं. एरवी सापडलं तर सापडलं, नाही तर हवा खाल्ली, असा तिचा हिशेब. आज मात्र चार वाजता एक म्हातारी येणार होती, आणि ती इथे चोर म्हणून येते की घरची लेक म्हणून, ते या दहा बाय बाराच्या धुळीवर ठरणार होतं.

सोनं ओरडत नाही. नवख्यांना वाटतं, मोठं धन म्हणजे मोठा आवाज. मोठा आवाज करतं ते तांबं, जुना पेनी. सोन्याचा सूर खालचा असतो, मऊ, गोल. रस्त्याकडेला तो लागला तर माणूस म्हणतो, डब्याचं झाकण असेल, आणि पुढे जातो. पण या घराखाली डब्यांची झाकणं कुठून येणार? म्हणून ती एकही मऊ आवाज सोडत नव्हती. सुईचं नेढं. हूक. पुन्हा हूक. केसांचा आकडा. खोली एकदा लांबीत झाली. दुपारी तिने पायरीवर बसून चीज आणि लोणच्याचं सँडविच खाल्लं, मर्व्हिनने आपलं खुर्चीतच खाल्लं. पायरीपाशी तिला व्हिक्टोरिया राणीचा एक हिरवागार पेनी मिळाला. असला सुरेख पेनी बघायला कुणीही उठून आलं असतं. मर्व्हिनने नुसता हात पुढे केला.

“आण इकडं,” तो म्हणाला.

मग तिने तीच खोली रुंदीत घेतली. ऊन कलायला लागलं तशा खुंटांच्या सावल्या लांबल्या आणि एकमेकींत मिसळून जमिनीवर खोल्यांच्या आकृत्या झाल्या. तिला गुंगी आल्यासारखं झालं. कानात खरखर, पायाखाली पीठ, आणि आपण कुणाच्या तरी घरात ती माणसं झोपलेली असताना चोरपावलांनी फिरतोय असं काहीतरी. इथे पलंग असेल. इथे आरसा. इथे ती बशी. तिने त्या जागी तबकडी दहादा फिरवली. काही नव्हतं.

साडेतीनला तिने यंत्र खाली टेकवलं. खोलीत नाणं नव्हतं. तिच्या हातून सुटलं असतं असंही नव्हतं. याचा अर्थ सरळ होता, आणि तो अर्थ आता त्या म्हाताऱ्याला सांगायचा होता. तिला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. कसं सांगावं याचा विचार करत ती पाठ सरळ करायला उभी राहिली आणि तिने सगळ्या घरावर नजर टाकली.

धुळीवर तिच्या बुटांचे ठसे होते. स्वयंपाकघर, बैठक, आईची खोली, बाबांची लिहायची खोली, मधला बोळ. सगळीकडे. दिवसभरात तिने सगळं घर नांगरून काढलं होतं. कोरी राहिली होती ती एकच जागा, पायपुसण्याएवढी. मर्व्हिनच्या खुर्चीखालची.

ती बघत राहिली. सकाळी सातपासून माणूस तिथे बसलेला. पंचाहत्तरीचा माणूस. चहाचे तीन कप पोटात. आणि एकदाही उठलेला नाही.

ती व्हरांड्यात गेली. कुठून गेली ते तिच्याही लक्षात आलं नाही. त्यानेही टोकलं नाही.

“मर्व्ह, खुर्ची हलवायचीय.”

“इथं काही नाही.”

“नाही तर नाही. दोन मिनिटांचं काम.”

“तुला सांगतोय ना, इथं मी झोपायचो. पोराच्या पलंगाखाली काय असणार? आईच्या खोलीत बघ.”

“बघितलं. दोनदा बघितलं.”

ग्लेनिसने यंत्र एका खुंटाला टेकवलं आणि शेजारच्या खुंटावर बसली. गुडघे कुरकुरले.

“तीन कप चहा झाला तुमचा,” ती हळूच म्हणाली. “माझ्या बसमधली पोरंसुद्धा इतका वेळ धरत नव्हती.”

मर्व्हिन हसला. खरंखुरं हसला, खांदे हलले त्याचे, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि त्याने टोपी काढून तोंडापुढे धरली. ग्लेनिस दुसरीकडे बघत राहिली. मॅगपाय गप्प झाले होते.

“मला नुसतं हातात घेऊन बघायचं होतं,” तो टोपीआडून म्हणाला. “परत ठेवणार होतो गं. देवाशपथ ठेवणार होतो. पलंगावर बसून फिरवत होतो, भिंगरीसारखं. सुटलं. आणि घरंगळत गेलं ते फटीत.”

“घराखाली जाता येत नव्हतं?”

“बाबांनी चारी बाजूंनी फळ्या मारल्या होत्या. कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून. आणि खाली तपकिरी साप असायचे.” त्याने टोपी मांडीवर ठेवली. “दिसायचं ते मला. थंडीच्या दिवसांत सकाळी आठच्या सुमाराला ऊन त्या फळ्यांमधून तिरपं आत यायचं. मी पालथा पडून फटीला डोळा लावायचो. खाली अंधार, आणि त्यात ते. चमकत असायचं. दहा मिनिटं, मग ऊन सरकायचं. मी रोज बघायचो. शाळेला उशीर झाला म्हणून छड्या खायचो, पण बघायचो. सहा महिने दिसत होतं. मग हळूहळू धूळ बसली.”

ग्लेनिसला ते पोर दिसत होतं, फळीवर गाल टेकून पडलेलं.

“तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, बशीतलं सोनं कुणी पाहिलं? कॉरली आदल्याच दिवशी गेली होती. मी म्हटलं, मी पाहिलं. कॉरलीच्या हातात.” तो थांबला. “एवढंच. एवढंच बोललो. पुन्हा कधी बोलावंच लागलं नाही.”

दूर रस्त्यावर धुळीचा लोट उठला. दोघांनीही तिकडे पाहिलं. मर्व्हिन दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून उठला. सहज उठता येईना, पाय अवघडले होते. मग त्याने स्वतःच खुर्ची उचलली आणि बाजूला नेऊन ठेवली.

ग्लेनिसने तबकडी त्या कोऱ्या धुळीवरून एकदाच फिरवली. खालचा सूर लागला. मऊ, गोल. दिवसभर ज्याची वाट पाहिली तोच. तिने हेडफोन काढले आणि म्हाताऱ्याच्या कानांवर बसवले, त्याची बोटं दांड्याभोवती गुंडाळली आणि हात धरून यंत्र पुन्हा फिरवलं. त्याचे डोळे मिटले. तो पुन्हा फिरवत राहिला, पुन्हा, पुन्हा, आणि गाडीचा आवाज अगदी जवळ आला तरी त्याला तो ऐकू आला नाही.

खुरपं लागलंच नाही. त्याने गुडघे टेकून बोटांनी धूळ सारली. तांबं जमिनीतून हिरवं होऊन येतं, चांदी काळी होऊन. सोनं जसं पडलं तसंच वर आलं. त्याने ते पुसलंही नाही. मूठ वळली आणि उभा राहिला.

छोटीशी पांढरी गाडी शेतातून उड्या मारत आली आणि पायऱ्यांना जवळजवळ धडकून थांबली. दार उघडलं, आधी काठी आली, मग कॉरली. बारीक, ताठ, निळा कोट. पंच्याऐंशीव्या वर्षी एकटी गाडी हाकत आली होती.

मर्व्हिन दोन पावलं पुढे गेला. घसा खाकरला.

“फाटक लावलं नाहीस,” तो म्हणाला. सहासष्ट वर्षांनी बहिणीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

“काय?”

“फाटक! उघडं टाकलंस!”

“गायी आहेत का तुझ्या?”

“विकल्या.”

“मग कशाला ओरडतोस?” कॉरली म्हणाली. तिने काठी रोवली आणि सगळीकडे पाहिलं. खुंट, चूल, दोऱ्या. “अगं बाई, एवढंसं होतं का रे आपलं घर? मला तर राजवाडा वाटायचा.”

ग्लेनिसने आपली ओळख सांगितली आणि तिच्यासाठी खुर्ची पुढे आणली. कॉरली बसली. झाकणातल्या वस्तू तिच्यापुढे ठेवताच तिने अंगुस्तान आधी उचललं आणि बोटात घालून बघितलं. “आईचं,” ती म्हणाली. “माझ्या बोटात कधी बसायचं नाही. आता सैल होतंय बघ.” शिशाचा सैनिक पाहून हसली. ती खूश होती.

“कॉरली,” मर्व्हिन पुटपुटला. “मला तुला काही सांगायचंय.”

“मोठ्यानं बोल. कानातलं यंत्र घरी विसरलेय मी.”

“मला सांगायचंय—”

“अरे, मोठ्यानं!”

ग्लेनिस व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेली आणि नाण्याचा खड्डा बुजवायला गुडघ्यांवर बसली. नियम म्हणजे नियम. पण तिने कितीही पाठ केली तरी उपयोग नव्हता. मर्व्हिन रंडल, ज्याने आयुष्यात चर्चमध्येसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता, तो उघड्या माळावर जिवाच्या आकांताने ओरडत होता.

“घरातलं सोन्याचं नाणं मी घेतलं होतं!”

“कुठलं नाणं?”

ग्लेनिसचा हात थांबला.

“बशीतलं! आजोबांचं! मी घेतलं, आणि बाबांना सांगितलं, तू घेतलंस!”

“मी? कधी?”

“तू गेलीस तेव्हा! तुला ठाऊक नव्हतं?”

“मला कोण सांगणार होतं?” कॉरली म्हणाली. “मी पत्रं लिहिली. दर नाताळला. एकाचंही उत्तर आलं नाही.”

“बाबा चुलीत टाकायचे. न फोडता.”

ग्लेनिसने मागे वळून पाहिलं, राहवलं नाही तिला. म्हातारी खुर्चीत बसली होती, अंगुस्तान अजून बोटात होतं. मर्व्हिन तिच्यासमोर टोपी काढून उभा होता, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.

“मला वाटलं, फ्रँकमुळं,” कॉरली म्हणाली. “तो कॅथलिक म्हणून.”

मर्व्हिनने मान हलवली. मग तिला कमी ऐकू येतं हे आठवलं आणि तो पुन्हा मोठ्याने बोलायला लागला, आणि आता त्याचा आवाज फाटत होता. “बाबा म्हणाले होते, पोरगा मेंढी बरी कातरतो. तू गेलीस त्या रात्री आईला म्हणाले. वर्षभरात येतील दोघं, तेव्हा बघू, म्हणाले. मी ऐकलं, कॉरली. इथं पडून ऐकलं. मग दुसऱ्या दिवशी बशी रिकामी दिसली.”

कॉरली समोर बघत राहिली. तिथे आता फक्त माळ होता आणि त्याच्यावरून उन्हाची तांबूस साय सरकत होती.

“एकावन्न वर्षं संसार केला मी त्याच्याशी,” ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा तो सपाट, मोठा आवाज. “कशावरूनही भांडण होऊ दे. दूध उतू गेलं, गाडी बंद पडली. मी एकच बोलायची. तुझ्यापायी माझं घर तुटलं. पोरांसमोर बोलायची. आणि तो कधी उलटून बोलला नाही रे. म्हणायचा, हो गं, माझ्यापायीच.”

मर्व्हिनने मूठ उघडली आणि पुढे केली. नाणं तळहातावर होतं.

“मला काय देतोस?” ती म्हणाली.

“चुकलं माझं, कॉरली.”

“मोठ्यानं.”

“चुकलं माझं!”

माळावरून पांढऱ्या पोपटांचा एक थवा कलकलत उठला आणि पलीकडे जाऊन बसला. कॉरलीने अंगुस्तान बोटातून काढून झाकणात परत ठेवलं. काठी रोवली. मर्व्हिन आधार द्यायला पुढे झाला, तर तिने त्याचा हात बाजूला केला आणि आपली आपण उठली. मग उठल्यावर मात्र तिने त्याच हाताला धरलं. घट्ट धरलं. बोटांना नाणं लागलं असेल, तिने तिकडे पाहिलं नाही.

“मला सांगून काय उपयोग?” ती म्हणाली. “त्याला सांग. उद्या सकाळी नऊला.”

“कुठं?”

“मरूलच्या स्मशानात. कॅथलिकांच्या बाजूला. तिसरी रांग.” तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. “तिकडं पाऊल टाकलं नाहीस ना कधी?”

मर्व्हिनने मान हलवली. “तू त्याला मातीला घेऊन आलीस त्या दिवशी मी अलीकडं, आपल्या बाजूला होतो. आईबाबांच्या थडग्यावरचं गवत काढत होतो. तासभर काढलं.”

“पाहिलं मी. काढायला गवतच नव्हतं तिथं,” कॉरली म्हणाली. “उद्या सरळ ये पलीकडं. आणि असाच मोठ्यानं बोल. शेवटी शेवटी त्यालाही कमी ऐकू यायचं.”